पेशी किती आल्या?

गणपती गेले की डेंग्यूचा हंगाम येतो आणि आमच्या लॅबचा फोन संध्याकाळी पाचनंतर खाली ठेवता येत नाही. विश्रामबागेतून येतो, कुपवाडमधून येतो, नदीपलीकडच्या गावांतून येतो, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच. मागच्या हंगामात एका बाईंशी झालेलं बोलणं अजून जसंच्या तसं कानात आहे.

"दादा, आमच्या ह्यांच्या पेशी किती आल्या ओ?"

"पंच्याण्णव हजार आहेत, ताई."

"अगं बाई! काल लाखाच्या वर होत्या की."

"ताप आहे का अजून?"

"ताप सकाळीच गेला. तापाचं काय न्हाई आता, पेशीचं सांगा तुम्ही."

मी म्हटलं, पेशी राहू द्या, त्यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या. कारण त्याच कागदावर प्लेटलेटच्या, म्हणजे ताई म्हणत होत्या त्या पेशींच्या, वर एक ओळ होती, पीसीव्ही ५१. रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, ते हा आकडा सांगतो. दोन दिवसांपूर्वी तोच आकडा ४२ होता. रक्त घट्ट होत चाललं होतं, म्हणजे रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपत होतं. ताप उतरल्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास डेंग्यूत सगळ्यात धोक्याचे, आणि घरात नेमकं तेव्हाच "उतरला बाई एकदाचा" म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. तो माणूस बरा झाला. सलाईन वेळेवर लागलं. प्लेटलेटची पिशवी लागलीच नाही.

मी सांगलीत एकवीस वर्षं लॅब टेक्निशियनचं काम करतो. जांभळ्या टोपणाची नळी मशीनला लावायची, लाल टोपणाच्या नळीतलं रक्त गोठलं की ती फिरवून वरचं पिवळट सिरम वेगळं काढायचं, त्याचे थेंब कार्डावर सोडायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचं. विषाणूच्या एनएस-१ या प्रथिनाची रेघ उमटली की डेंग्यू. धंद्याची बाजू आधीच कबूल करतो. रोज पेशी मोजून घेणाऱ्या माणसांवर आमच्यासारख्या लॅब चालतात. तरीही मला म्हणायचंय ते हे, की गावानं विचारायचा प्रश्न पेशींचा नाहीच. यंदा आपल्याकडे डेंग्यूचा कोणता प्रकार फिरतोय, आणि आपल्या पोरांच्या रक्तात आधीचा कोणता बसलाय, हा आहे. त्याचं उत्तर ज्या नळीत असतं, ती नळी आम्ही रोज संध्याकाळी कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकतो.

डेंग्यूचे प्रकार चार. त्यांना नावंसुद्धा धड दिलेली नाहीत, एक ते चार असे आकडेच आहेत. सख्खे भाऊ असावेत तसे, चेहरेपट्टी एक पण माणूस वेगळा. एकाचा ताप येऊन गेला की त्या भावापासून बहुधा जन्मभराची सुटका होते. बाकीच्या तिघांपासून मिळणारं संरक्षण काही महिन्यांचं, फार तर वर्ष-दोन वर्षांचं. आणि ते ओसरलं की माणूस कोरी पाटी होत नाही. तो कोऱ्या पाटीपेक्षा वाईट जागी जाऊन उभा राहतो. इथेच आपली नेहमीची समजूत साफ चुकते.

ती समजूत आपल्याला गोवरानं दिलीय, कांजिण्यांनी दिलीय. एकदा झालं की सुटलो. चिकुनगुनियाही साधारण याच वळणाचा. १९७३ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला त्याची मोठी साथ आली. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं तो देशातून जवळजवळ दिसेनासाच झाला आणि २००५-०६ मध्ये असा परतला की २००६ या एका वर्षात देशभरात संशयित रुग्णांचा आकडा तेरा लाखांच्या वर गेला. मी तेव्हा नुकताच कामाला लागलो होतो. चाळिशीतली माणसं भिंत धरून लॅबच्या पायऱ्या चढायची, सुई टोचायला मूठ वळवा म्हटलं तर मूठ वळायची नाही. पण ज्याला तो एकदा होऊन गेला त्याचं रक्त त्याला विसरत नाही, आणि ती आठवण त्याच्या बाजूनं उभी राहते. एकच डास, तेच चावणं, आणि रक्ताच्या आठवणीचं वागणं मात्र दोन विषाणूंच्या बाबतीत दोन टोकांचं.

डेंग्यूत होतं काय ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. शरीर विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती विषाणूच्या अंगाला जाऊन चिकटतात. भरपूर चिकटली आणि नेमक्या जागी चिकटली, तर विषाणूला पेशीत शिरताच येत नाही. पण ती थोरल्या भावासाठी बनलेली असतील आणि आता धाकटा आला असेल, तर ती बसतात, पण सैल बसतात. विषाणू मरत नाही, त्याच्या अंगाला नुसती चिठ्ठी लागते. आपल्या रक्तात मोनोसाइट नावाच्या पेशी असतात, ऊतींमध्ये त्यांच्याच नात्यातल्या मॅक्रोफेज. वाड्यावरचे राखणदार म्हणा त्यांना. प्रतिपिंडाची चिठ्ठी लागलेलं काहीही दिसलं की आत ओढायचं आणि पचवून टाकायचं, हे त्यांचं काम. दुसरा कुणी असता तर आत जाऊन संपला असता. डेंग्यूला मात्र याच पेशींमध्ये घर करायचं असतं, तिथेच त्याची पिलावळ वाढते. एरवी ज्या चोराला भिंत चढून यावं लागलं असतं, त्याला आता आपल्याच घरच्या चिठ्ठीवर राखणदार दार उघडून देतो.

पुढे विषाणू भरमसाट वाढतो, त्याला उत्तर म्हणून शरीर जी आरडाओरड करतं तीही भरमसाट होते, आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल पडतं. माझ्या कार्डावर जी रेघ उमटते ती एनएस-१ या प्रथिनाची. हे प्रथिन नुसतं ओळखपत्र नाही, ते स्वतःच अस्तर सैल करायला हातभार लावतं, हे २०१५ मध्ये प्रयोगांतून पुढे आलं. ते वाचल्यापासून त्या गुलाबी रेघेकडे बघण्याची माझी नजर बदलली आहे.

ही उलटी गोष्ट पहिल्यांदा जगापुढे नीट मांडली ती स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकी डॉक्टरनं. १९६० च्या दशकात तो बँकॉकमध्ये काम करत होता. मरणाच्या दारात जाणारी मुलं दोन गटांतली आहेत, हे तिथे दिसून आलं. एक गट दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या मुलांचा. तो समजण्यासारखा होता. दुसरा गट एक वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळांचा, आणि त्यांचा तर हा पहिलाच डेंग्यू होता. मग त्यांना कुठली जुनी आठवण? आईची. पोटात असताना आईच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात काही महिने असतात. आधी ती राखण करतात, मग हळूहळू विरळ होत जातात, आणि एका टप्प्यावर राखण करण्याइतकी उरत नाहीत पण चिठ्ठी बनण्याइतकी उरतात. पुढे निकाराग्वात हजारो मुलांचं रक्त वर्षानुवर्षं तपासत राहिलेल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच आकड्यांत दाखवलं. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर त्यांना धोका कमी, ज्यांच्यात अजिबात नाहीत त्यांनाही कमीच. धोका सगळ्यात जास्त मधल्यांना.

इथे एक खुलासा करायलाच हवा, नाहीतर हे वाचून कुणीतरी घरात रडारड करेल. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक लोक बरेच होतात, आणि पहिल्या वेळीही काही जण गंभीर होतात. मी बोलतोय ते एका माणसाच्या नशिबाबद्दल नव्हे, गावाच्या हिशेबाबद्दल.

तो हिशेब कसा मांडतात हे क्युबाकडे बघून कळतं. १९७७ मध्ये त्या बेटावर डेंग्यूचा प्रकार एक आला. लाखो लोकांना झाला, फारसं कुणी दगावलं नाही. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, प्रकार दोन आला आणि तीन लाख चव्वेचाळीस हजारांवर रुग्ण, १५८ मृत्यू. त्यातली बहुसंख्य मुलं होती. मग डासांविरुद्ध मोहीम उघडून त्यांनी रोग बराचसा हाकलला. १९९७ मध्ये सांतियागो या शहरात प्रकार दोन पुन्हा उगवला, आणि या वेळी गंभीर झाली ती मोठी माणसं. लहान मुलं सुटली, कारण १९७७ च्या साथीनंतर जन्मलेल्या पोरांच्या रक्तात प्रकार एकची आठवणच नव्हती. वीस वर्षं जुनी आठवण रक्तात राहते, आणि वीस वर्षांनीही दगा देऊ शकते, हे जगाला तिथे समजलं. समजलं कशामुळे? कोणत्या वर्षी कोणता प्रकार आला, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं म्हणून. वही नसती तर १९९७ ची साथ ही आणखी एक "तापाची साथ" म्हणून गेली असती, जशी आपल्याकडे दर दिवाळीच्या आगेमागे जाते.

कुणी म्हणेल, असले अभ्यास उंदरांवर करा, माणसांचं रक्त कशाला साठवायचं? तर गंमत अशी की उंदराला डेंग्यू होतच नाही. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचा निरोप सोडते, शेजारच्या पेशी तो ऐकून कड्या लावून घेतात. १९५७ मध्ये हे इंटरफेरॉन सापडलं. तो निरोप आत पोचवणारं एक प्रथिन असतं, स्टॅट-२. डेंग्यूचा विषाणू माणसाच्या पेशीतला हा निरोप्याच गाडून टाकतो. उंदराचा स्टॅट-२ जरा वेगळ्या घडणीचा, तो याला गाडता येत नाही, म्हणून साध्या उंदरात कड्या वेळेवर लागतात. प्रयोगशाळेत मग मुद्दाम असे उंदीर वापरावे लागतात ज्यांना इंटरफेरॉन ऐकूच येत नाही. अशा बहिऱ्या उंदरांवरून माणसाच्या प्रतिकारशक्तीबद्दल किती बोलायचं याला मर्यादा आहेत, आणि विषाणुशास्त्रज्ञ ते मान्यही करतात. रक्ताच्या आठवणीबद्दल आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे ते बरंचसं बँकॉक, हवाना, निकाराग्वाच्या पोरांच्या साठवलेल्या सिरममधून आलंय. त्याला दुसरा आडमार्ग नाही.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असंही नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून उभी राहिली, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांचं रक्त घेऊन त्यात कोणकोणत्या विषाणूंच्या खुणा आहेत ते वाचणं. डेंग्यूच्याच भावकीतल्या झिकाचं नाव भारतात कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, १९५४ मध्ये छापलेल्या त्या कामात झिकाला ओळखणारी प्रतिपिंडं भारतीय रक्तात दिसल्याची नोंद आहे. ती झिकाचीच होती की त्याच्या कुठल्या भावकीची, हा वाद राहिला, कारण या घराण्यातल्या विषाणूंची प्रतिपिंडं एकमेकांना ओळख देतात. पण रक्त वाचण्याची शिस्त होती. तीच शिस्त २०२१ च्या जुलैत कामाला आली. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला तापाचे रुग्ण वाढले, नमुने पुण्याला गेले, बहुतेक चिकुनगुनिया निघाला आणि त्यातच एका महिलेत राज्यातली झिकाची पहिली नोंद झाली. गावातल्या गावात "व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या" म्हणून सोडलं असतं तर ती महिला बरी झालीच असती, पण झिका आलाय हे कुणालाच कळलं नसतं.

आणि आणखी एक. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं मार्च २०२० मध्ये पकडून याच संस्थेनं तपासली, तेव्हा काहींमध्ये निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या. उत्तम काम. पण कृष्णेच्या उगमाजवळच्या वटवाघळांच्या रक्तात काय आहे ते मला वाचायला मिळतं, आणि त्याच कृष्णेच्या काठच्या पोरांच्या रक्तात डेंग्यूचा कोणता प्रकार बसलाय हे मला कुणाकडून कळत नाही, हे काही बरोबर नाही.

याउलट आपण करतो काय? धूर.

धुराची गाडी गल्लीत आली की काय उत्साह असतो! पोरं मागे पळतात, दारातून कुणीतरी ओरडतं "इकडं बी मारा की", नगरसेवकाचा फोटो निघतो. नाव कुणाचं घेत नाही, कारण हे सगळ्या गावांत असंच आहे. एडीस इजिप्ती हा डास दिवसा चावतो आणि घरात राहतो, पलंगाखाली, खुंटीला टांगलेल्या कपड्यांच्या मागे, कपाटाच्या आडोशाला. धूर संध्याकाळी मारतात, रस्त्यावर मारतात, आणि वास नको म्हणून लोक दारं-खिडक्या लावून घेतात. उडते डास थोडे मरतात. साथ पेटलेली असताना घरोघरी आत जाऊन मारला तर उपयोग होतो, नाही असं नाही. पण अंड्यांना धुराचं काही वाटत नाही.

ती अंडी मी आमच्या मागच्या गल्लीत बघितलीत. आशाताईंबरोबर गेलो होतो एकदा, सुट्टीच्या दिवशी. दोनशे लिटरचं निळं टिपाड, वर अर्धवट फळी. ताईंनी आत टॉर्च मारला तसा पृष्ठभागावरच्या अळ्या वळवळत खाली पळाल्या. घरच्या मावशी म्हणाल्या, "आत्ता ओतून टाकतो की." टिपाड ओतलं. ताईंनी मला वाकून आत बघायला सांगितलं. पाण्याची रेघ जिथे होती तिथे, प्लास्टिकला चिकटून, मोहरीहून कितीतरी बारीक काळे ठिपके. बोटानं पुसले तर निघाले नाहीत. ही अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात, पाणी लागलं की उठतात, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचा डास होतो. ताईंनी काथ्यानं खसाखसा घासून दाखवलं. "नुसतं ओतून भागत न्हाई मावशी, घासायचं. आठवड्यातनं एकदा." मावशींनी मान हलवली, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्या घासणार नाहीत. पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या घरात भरलेलं टिपाड ओतणं हा सल्ला किती महाग आहे, हे सल्ला देणाऱ्याला कळत नाही.

पुराचं नि डासाचं नातंही लोक उलटं समजतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, निम्मी सांगली पाण्यात होती. तेव्हा सगळे म्हणाले, आता डेंग्यू येणार. वाहत्या गढूळ पुरात हा डास अंडी घालत नाही. धोका नंतरचा, पूर ओसरल्यावर रस्त्यावर आलेल्या मोडक्या सामानात साठलेल्या पावसाच्या पाण्यात आणि टँकरचं पाणी धरून ठेवलेल्या बॅरलांत. तिकडे जत-आटपाडीकडे दुष्काळात पाणी पाळीनं येतं, म्हणून दारोदारी तीच बॅरलं. पूर असो की दुष्काळ, एडीसला आपल्या जिल्ह्यात जागा कमी पडत नाही. म्हणूनच तो जाणार नाही, हे धरूनच चालायला हवं. पुदुच्चेरीच्या सरकारी संस्थेनं वोल्बाकिया जिवाणू असलेले एडीस तयार करून ठेवलेत, त्यांच्या अंगात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकार्तात असे डास सोडलेल्या भागात डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला. ते आपल्याकडे कधी येईल तेव्हा येईल. तोवर डास राहणार, विषाणू येत राहणार, आणि पारडं कुठे झुकणार ते रक्तातल्या आठवणीवर ठरणार.

मग मागणी काय? फार मोठी नाही. जिल्ह्यातल्या लॅबांनी दर आठवड्याला एनएस-१ पॉझिटिव्ह आलेल्यांतली थोडी उरलेली सिरम, नाव काढून, फक्त वय आणि तालुका लिहून, सरकारी विषाणू प्रयोगशाळेकडे द्यावीत. तिथे आरटी-पीसीआरवर प्रकार ठरवावा. कोविडमध्ये या तंत्राची यंत्रं आणि ते चालवणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत तयार झाली, ती आता गंजू नयेत. महिन्याला एक कागद छापावा, या महिन्यात अमुक तालुक्यात अमुक प्रकार. आणि दोन-तीन वर्षांतून एकदा काहीशे शाळकरी पोरांचं रक्त, आईवडिलांना विचारून, तपासावं. एवढंच.

आमच्या लॅबच्या डॉक्टरांपुढे मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "प्रकार कळून मी पेशंटला वेगळं काय देणार?" खरं आहे. चारही प्रकारांचा उपचार एकच, वेळेवर आणि मोजून सलाईन, आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष. एका पेशंटसाठी प्रकार जाणून घेण्यात काही अर्थ नाही, आणि उद्या खासगी लॅबच्या दरपत्रकात "डेंग्यू टाइप" अशी ओळ वाढली तर मीच पहिला विरोध करीन. लोक पेशींसारखा तोही आकडा छातीशी धरून बसतील. पण वर्षानुवर्षं एकच प्रकार फिरतोय आणि यंदा दुसरा उतरलाय, हे जूनमध्ये कळलं तर सप्टेंबरची तयारी वेगळी होते. जतच्या ग्रामीण दवाखान्यात पीसीव्ही रोज दोनदा मोजायची सोय आहे का, तिथल्या नर्सला ताप उतरलेल्या पेशंटची नाडी नि लघवी बघायला शिकवलंय का, मिरजेला पाठवायचं ते रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेल्यावर की आधी, हे प्रश्न तेव्हा विचारता येतात. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय काढलं तेव्हापासून कर्नाटकातनं माणसं येतात. पण जतहून मिरजेपर्यंतचा रस्ता रक्त घट्ट झालेल्या माणसासाठी लांब आहे.

प्लेटलेटचं जे वेड आहे त्यावरही हाच उतारा आहे. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची घाई करू नका, असं राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. सिंगापूर-मलेशियात वीस हजारांखालच्या मोठ्या माणसांना आधीच प्लेटलेट देऊन बघितल्या, रक्तस्राव काही कमी झाला नाही. २०१७ मध्ये ते छापून आलं. आपल्याकडे मात्र चाळीस हजारांवर रक्तपेढीच्या दारात रांग लागते, पपईच्या पानांचा रस निघतो, किवीचा भाव वाढतो. पपईच्या रसानं पेशी थोड्या वाढल्याचे लहान अभ्यास आहेत, मी नाकारत नाही. पण डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा गळतीनं, शॉकनं. आकडा वाढला म्हणून गळती थांबत नाही.

रक्ताच्या आठवणीची वही सगळ्यात जास्त लागणार आहे ती लशीच्या वेळी. ती वेळ लांब नाही. ऑगस्ट २०२४ पासून देशात चारही प्रकारांविरुद्धच्या एका डोसच्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली, दहा हजारांवर लोकांवर. ती लस चांगली निघो. पण आधीच्या एका लशीची कथा विसरता येत नाही. फिलिपीन्सनं २०१६ मध्ये आठ लाखांवर शाळकरी मुलांना डेंग्यूची लस दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीनंच सांगितलं, ज्या मुलांना आधी डेंग्यू होऊन गेलाय त्यांना लशीचा फायदा होतो, पण ज्यांना कधीच झाला नव्हता त्यांना पुढे डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. लशीनं त्या कोऱ्या रक्ताला पहिल्या भावाची आठवण देऊन ठेवली होती. मोहीम बंद पडली, खटले झाले, आणि लोकांचा सगळ्याच लशींवरचा विश्वास असा उडाला की २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. गोवराच्या लशीचा यात काडीचा दोष नव्हता.

नव्या लशी त्या धड्यानंतर बनल्यात. तरी जागतिक आरोग्य संघटना डेंग्यूची सध्याची लस सरसकट सगळीकडे द्या म्हणत नाही, जिथे प्रसार तीव्र आहे तिथल्या मुलांना द्या म्हणते. प्रसार तीव्र आहे हे कशावरून ठरवायचं? मुलांच्या रक्तावरून. अमुक वयाच्या किती मुलांना डेंग्यू आधीच होऊन गेलाय, यावरून. २०१७-१८ मध्ये पंधरा राज्यांतल्या सुमारे बारा हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा देशात साधारण निम्म्या लोकांत डेंग्यूची खूण निघाली. दक्षिणेत चारांत तिघांना, ईशान्येत विसांत एकाला. एकाच देशात इतका फरक असेल तर सांगलीच्या गावभागातलं पोर आणि आटपाडीच्या वस्तीवरचं पोर एकाच मापानं कसं मोजणार? लस आली की ती कुणाला आधी द्यायची हे मुंबईत किंवा दिल्लीत ठरेल, आणि तेव्हा आपल्या जिल्ह्यासमोरचा रकाना रिकामा असेल.

मोफत रक्त मागताना लोकांच्या मनात शंका येणार, तीही रास्त आहे. कोविडनंतर "आमचं रक्त कुठं जातंय" हा प्रश्न गावात सर्रास विचारतात. विचारायलाच हवा. म्हणून नाव नको, फक्त वय नि तालुका, आणि जे निघेल ते आधी त्याच तालुक्याला मराठीत सांगायचं, नंतर परदेशी नियतकालिकात छापायचं. रक्त दिलेल्या गावालाच सगळ्यात शेवटी कळतं, हे मला संशोधकांच्या बाबतीत खटकत आलंय.

सिरम टिकवणं हा एकच खरा अडथळा मला दिसतो. विषाणूचं आरएनए नाजूक असतं. साध्या फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, पुढे उणे सत्तरचा फ्रीजर लागतो, आणि तो आमच्या लॅबला परवडणारा नाही. पण आठवड्यातून दोनदा थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून मिरजेपर्यंत नेणं कुणालाही जमण्यासारखं आहे. पोलिओच्या लशी अशाच गावोगाव गेल्या.

आज सकाळपासून चार कार्डांवर रेघ उमटली. एक कॉलेजातली मुलगी, दोघं एमआयडीसीतले कामगार, आणि कुपवाडचा नऊ वर्षांचा एक मुलगा. त्याच्या आईनं आत्ताच फोन करून विचारलं, पेशी किती आल्या. मी सांगितल्या, आणि पीसीव्हीही सांगितला, ताप उतरला की लगेच आणा म्हणालो. कचऱ्याची गाडी सातला येते. त्या चार नळ्या मी अजून पिशवीत टाकलेल्या नाहीत, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्यात. उद्या संध्याकाळपर्यंत राहतील.